ओ-टू लावा, घड्याळ लावा, मग बोला: सी आणि सी प्लस प्लसचा कोड पळवायचा कसा

ग्वाल्हेरात आमच्या ओळखीच्या घरांमधली इंजिनिअरिंगला असलेली मराठी पोरं आता बरीच झालीत, आणि सी प्लस प्लस थोडं हाताला लागलं की एक प्रश्न हमखास येतो, काका ओ-टू लावू की ओ-थ्री? या म्हणजे कंपायलरने (तुमचा कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) कोड किती पळता करायचा, म्हणजे किती ऑप्टिमायझेशन करायचं, ते सांगणाऱ्या लेव्हल, फ्लॅग म्हणून द्यायच्या. घाई असेल तर उत्तर एवढंच की ओ-टू लावा, मोजा, आणि मोजल्यावर कमी पडलं तरच पुढे सरका. घाई नसेल तर खाली सगळं लिहितोय, थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक टायपिंगची गोष्ट. मी ओ-टू म्हणतो तेव्हा डॅश, मग कॅपिटल ओ, मग २ असं टाइप करायचं. छोटा ओ म्हणजे आउटपुट फाइलचं नाव, तो वेगळा, आणि घाईत छोटा पडला तर ऑप्टिमायझेशन लागत नाही आणि नको त्या नावाची फाइल बनते. नुसता कॅपिटल ओ, आकडा नाही, म्हणजे ओ-वन. एकाच ओळीत दोन लेव्हल दिल्या तर शेवटची चालते, त्यामुळे मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांची फाइल) वर ओ-थ्री आणि खाली कुणीतरी ओ-झीरो चिकटवून ठेवलंय असं असेल तर तुमचा ओ-थ्री गेला. आणि जीसीसी या कंपायलरला ओ-नाइन दिलं तर तो त्याला ओ-थ्रीच समजतो, काही पोरं ते लावून खूश असतात, असू देत.

आता मुद्द्याचं. जीसीसीला किंवा क्लँग या दुसऱ्या कंपायलरला काहीच सांगितलं नाही तर तो ओ-झीरोवर चालतो. ओ-झीरोत कंपायलर तुमचं जवळजवळ शब्दशः ऐकतो, प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत ठेवतो, दर ओळीला तिथून उचलतो, काम करतो, परत ठेवतो. डीबगरमध्ये ओळ-न्-ओळ चालता यावी म्हणून हे असं आहे आणि त्यासाठी ते बरोबरच आहे. पण वेगाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी उडी असते ती झीरोवरून वन-टूवर जाताना, तिथे कोड कित्येक पट पळू शकतो. टूवरून थ्रीवर जाताना बहुतेक प्रोग्रॅमना थोडंसंच काहीतरी मिळतं, काहींना काहीच नाही, आणि काही चक्क हळू होतात.

म्हणून पहिलं काम लेव्हल निवडायचं नाहीच, आत्ता कुठली लेव्हल लागतेय ते बघायचं. हे फार लोक करत नाहीत. सीमेकमध्ये (मेकफाइल वगैरे बनवून देणारं टूल) बिल्ड टाइप दिलाच नाही तर तो सहसा रिकामा राहतो, म्हणजे ऑप्टिमायझेशन शून्य, आणि पोरगं दोन आठवडे अल्गोरिदम बदलत बसतं. रिलीज दिलं तर जीसीसी-क्लँगला ओ-थ्री जातं आणि असर्ट (कोडमधल्या तपासण्या) बंद होतात, रेल-विथ-डेब-इन्फो दिलं तर ओ-टू आणि सोबत डीबगची माहिती, मिन-साइज-रेल दिलं तर ओ-एस, म्हणजे आकार लहान ठेवणारी लेव्हल. रस्टवाल्यांचं तसंच, साधं कार्गो बिल्ड म्हणजे लेव्हल ०, रिलीज म्हटलं की ३. व्हिज्युअल स्टुडिओत वरच्या त्या ड्रॉपडाउनमध्ये डीबग आहे की रिलीज ते बघा, तिकडे ओ-टू हीच वेगासाठीची वरची लेव्हल आहे, थ्री शोधत बसू नका. सीमेकने बनवलेल्या मेकफाइलवर मेक चालवताना व्हर्बोज इज-इक्वल-टू १ दिलं की कंपायलरला जाणारी पूर्ण ओळ दिसते, ती एकदा डोळ्यांनी वाचा.

एक उदाहरण घेऊन चालू. इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बऱ्याच जुन्या मराठी घरांत मोडीतले कागद पडलेले असतात, शिंदेशाहीतल्या हिशेबाचे, जमिनीचे, पत्रव्यवहाराचे, आणि कुणीतरी नातू ते स्कॅन करून साफ करायचा प्रोग्रॅम लिहायला घेतो. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलला विचारायचं की बाबा तू शाई की कागद. लूप साधा, पण ८७ लाख वेळा, आणि पानं शेकड्यांनी. ऑप्टिमायझेशनला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही.

ओ-झीरोत प्रत्येक पिक्सेलमागे मेमरीत हेलपाटे. ओ-टूत काउंटर आणि थ्रेशोल्ड (शाई आणि कागद यांच्यातली सीमा) रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागांत बसतात, छोटी फंक्शन्स जागच्या जागी उलगडली जातात (यालाच इनलाइन म्हणतात), तेच तेच गणित लूपच्या बाहेर काढलं जातं. याच्या पुढची मजा म्हणजे व्हेक्टरायझेशन, एकेक पिक्सेल न घेता प्रोसेसर एका झटक्यात १६ घेतो कारण १२८ बिटांच्या रजिस्टरमध्ये १६ बाइट मावतात, आणि प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-टू ही रुंद रजिस्टरांची सोय असेल तर ३२. आता इथे एक जुना सल्ला फिरत असतो की व्हेक्टरायझेशन हवं तर ओ-थ्रीच लावा. क्लँगसाठी हे खरं नाही, तो ओ-टूवरही करतो. जीसीसीने २०२२ च्या आवृत्ती १२ पासून ओ-टूवर सुरू केलं पण फार हात राखून, सुरुवातीच्या आवृत्त्यांत लूप किती वेळा फिरणार हे आधीच माहीत नसेल तर तो सहसा सोडून देतो, आणि आपल्या स्कॅनमध्ये पिक्सेल किती हे फाइल उघडल्यावरच कळतं. म्हणजे नेमक्या अशा लूपसाठी जीसीसीवर ओ-थ्रीला खरंच अर्थ असू शकतो. अंदाज बांधायची गरज नाही, जीसीसीला एफ-ऑप्ट-इन्फो-व्हेक हा फ्लॅग दिला की कुठल्या ओळीचा लूप व्हेक्टराइझ झाला ते तो स्वतः सांगतो, त्याच्यामागे मिस्ड जोडलं तर कुठला नाही झाला आणि का नाही तेही सांगतो. त्या ‘का’मध्ये बऱ्याचदा असं निघतं की दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत असतील अशी त्याला शंका आहे, मग सीमध्ये रिस्ट्रिक्ट लिहून त्याची शंका फेडायची. पण खरंच दोन्ही वेगळ्या जागा असतील तरच हं, खोटं वचन दिलंत तर तो त्यावर विश्वास ठेवून चुकीचा कोड बनवेल आणि दोष तुमचा.

मग ओ-थ्री सगळीकडेच का नको? कारण ओ-थ्री कोड फुगवतो. लूपच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढतो, फंक्शनच्या खास कॉप्या बनवतो, जास्त इनलाइन करतो. प्रोसेसरची सूचनांसाठीची पहिली कॅश (जवळची छोटी वेगवान मेमरी) बऱ्याच मशीनवर ३२ केबीच्या आसपास असते, तिथे तुमचा गरम कोड मावेनासा झाला की फायदा उलटतो. आकडे चुरडणाऱ्या घट्ट लूपला ओ-थ्री मानवतो, पण इफ-एल्सचं जंगल असलेल्या, इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या कोडला फारसा नाही. लिनक्स कर्नल मुळात ओ-टूवर बनतो, डेबियन आणि फेडोरा आपली पॅकेजेस साधारणपणे ओ-टूवर बांधतात. वर्षानुवर्षं हजारो पॅकेजेस बांधणाऱ्या लोकांनी हे ठरवलंय, तर तुमच्या कॉलेज प्रोजेक्टला वेगळं काही हवंय असं वाटत असेल तर आधी दाखवा.

दाखवायचं म्हणजे मोजायचं, आणि इथेच सगळे घसरतात, त्यामुळे जरा थांबून लिहितो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, खोलीत कूलर गरम हवाच फिरवत असतो, आणि लॅपटॉप थोडा वेळ जोर लावला की स्वतःला वाचवायला क्लॉक खाली आणतो. आता तुम्ही ओ-टूची बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्रॅम) आधी पाच वेळा चालवली आणि मग ओ-थ्रीची पाच वेळा, तर ओ-थ्रीच्या वाट्याला तापलेला लॅपटॉप आला, आणि तुम्ही म्हणणार ओ-थ्री हळू आहे. वरून मध्येच लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर, तिथे पॉवर सेव्हिंग अजून वेग कापणार. म्हणून पहाटे मोजा असं मी नुसतं गमतीने म्हणत नाही. चार्जर लावून, ब्राउझर बंद करून, आणि आलटून पालटून, एकदा टू एकदा थ्री परत टू परत थ्री. पहिली फेरी फेकून द्या कारण तेव्हा फाइल डिस्कवरून येते, पुढच्या वेळी ती रॅममध्ये असते. सरासरी काढू नका, मधला आकडा किंवा सगळ्यात कमी वेळ घ्या, एखाद्या वेळी अपडेट चालू झालं की सरासरी बिघडते.

आणि २-३ टक्क्यांच्या फरकावर नाचू नका. २००९ साली एका शोधनिबंधात दाखवलं होतं की नुसत्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सचा आकार बदलला किंवा ऑब्जेक्ट फाइल लिंक करायचा क्रम बदलला तरी त्याच प्रोग्रॅमचा वेग हलतो, आणि तो हलणं ओ-टू ओ-थ्रीच्या फरकाएवढं असू शकतं. कारण मेमरीतल्या जागा सरकतात, दुसरं काही नाही. म्हणजे युजरनेम लांब असलेल्या मुलाचा आकडा वेगळा येऊ शकतो, हे ऐकून पोरं हसतात पण खरं आहे.

अजून एक. टेस्टसाठी लूप लिहिला, उत्तर कुठेच छापलं नाही, वापरलं नाही, तर ओ-टूला कळतं की या सगळ्याचा काही उपयोग नाही आणि तो अख्खा लूप उडवतो. वेळ येतो शून्य सेकंद. पोरगं सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवतं. उत्तर छापा किंवा फाइलीत लिहा, मगच तुलना. क्लँग तर १ पासून एन पर्यंतच्या बेरजेचा लूप बघून सरळ सूत्र घालून टाकतो, फिरतच नाही.

मोजण्याच्या आधी खरं तर प्रोफाइल काढा. लिनक्सवर पर्फ रेकॉर्ड चालवा आणि पर्फ रिपोर्ट बघा, वेळ जातोय कुठे. आपल्या मोडीच्या प्रोग्रॅममध्ये बरेचदा असं निघतं की बहुतेक वेळ जेपेग उलगडण्यात जातोय, ती लायब्ररी आधीच कुणीतरी ऑप्टिमाइझ करून बांधलेली आहे, आणि तुमचा लूप एकूण वेळाच्या १० टक्केच आहे. मग तो लूप अगदी शून्य वेळात झाला तरी प्रोग्रॅम ११ टक्क्यांच्या आसपासच वेगवान होणार, त्याच्यापुढे जाणं गणितातच नाही. दुसरं एक फार दिसतं, इमेज मेमरीत आडव्या ओळींनी मांडलेली आणि लूप मात्र उभ्या रकान्याने चालतोय, म्हणजे प्रत्येक पाऊल २४८० बाइट पुढे, कॅश दर वेळी चुकते. जीसीसीचा ओ-थ्री काही वेळा असे आतले-बाहेरचे लूप अदलाबदल करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, हाताने दोन ओळी उलटवा, कुठल्याही फ्लॅगपेक्षा जास्त मिळेल.

आता तो प्रसिद्ध संवाद, काका ओ-झीरोवर बरोबर चालतंय आणि ओ-टूवर फुटतंय, कंपायलरमध्ये बग आहे. नाहीये. म्हणजे कधीतरी असतो, पण तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता फार कमी. जवळजवळ नेहमी कोडमध्ये आधीपासून काहीतरी बेकायदेशीर असतं आणि ओ-झीरो ते झाकून नेत असतो. व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत दिलेली नसते, झीरोवर तिथे योगायोगाने ० सापडतो. साइन्ड इंट ओव्हरफ्लो होतो का ते बघायला लोक ए प्लस १ हे एपेक्षा लहान आहे का असं विचारतात, भाषेच्या नियमाप्रमाणे साइन्ड ओव्हरफ्लो होऊच शकत नाही असं कंपायलर धरून चालतो, त्यामुळे ती तपासणीच गायब. दोन थ्रेड असतात, एक थ्रेड साध्या बूल फ्लॅगची वाट बघत फिरतो, ओ-टू म्हणतो या लूपमध्ये तर हा फ्लॅग कुणी बदलत नाही, एकदाच वाचतो आणि मग कायमचा फिरत राहतो, तिथे ॲटॉमिक (थ्रेडमध्ये वाटून वापरायचं सुरक्षित व्हेरिएबल) पाहिजे होतं. फ्लोटचा पॉइंटर इंटचा करून बिट बघणं हेही त्यातलंच, त्याऐवजी मेमकॉपी वापरा, ओ-टूत त्याचा खर्च उरत नाही.

यावर उपाय ओ-झीरोवर परत जाणं नाही. एफ-सॅनिटाइझ (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या तपासण्या) मध्ये ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड दोन्ही देऊन बांधा, ओ-वन आणि डॅश-जी (डीबगची माहिती) सोबत, आणि नेहमीच्या इनपुटवर चालवा, बहुतेक चोर ओळ-नंबरासकट सापडतात. थ्रेडवाला नाही सापडणार, त्याचा थ्रेड सॅनिटायझर वेगळा, आणि सुरुवातीची किंमत न दिलेलं व्हेरिएबलही या दोघांना दिसत नाही, त्यासाठी क्लँगचा मेमरी सॅनिटायझर किंवा व्हॅलग्राइंड. वॉर्निंग पण चालू ठेवा, डब्ल्यू-ऑल, आणि गंमत म्हणजे किंमत न दिलेल्या व्हेरिएबलच्या काही वॉर्निंग ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच नीट येतात कारण तेव्हाच कंपायलर तेवढा खोल विचार करतो. तरीही सापडलं नाही तर अर्ध्या फाइली झीरोवर, अर्ध्या टूवर, मग ज्या अर्ध्यात फुटतंय त्याचे परत अर्धे, असं करत एका फाइलपर्यंत पोचा.

डीबग करताना रोजच्या कामाला जीसीसीचा ओ-जी बरा, झीरोएवढा मंद नाही आणि डीबगरही बऱ्यापैकी चालतो. आणि डॅश-जी लावल्याने कोड हळू होतो हा गैरसमज आहे, फाइल मोठी होते एवढंच, ओ-टूसोबतही बिनधास्त लावा. जीडीबी या डीबगरने एखाद्या व्हेरिएबलला ऑप्टिमाइज्ड आउट म्हटलं तर घाबरू नका, ते व्हेरिएबल मेमरीत उरलंच नाही इतकंच.

ओ-फास्ट. नावाला भुलू नका. ओ-थ्री अधिक फास्ट-मॅथ आणि अजून थोडं, आणि फास्ट-मॅथ म्हणजे दशांशाच्या गणिताचे नियम सैल सोडणं. कंपायलर असं धरून चालतो की नॅन (संख्याच नाही असं उत्तर) आणि इन्फिनिटी येणारच नाहीत. आता आपला मोडीचाच प्रोग्रॅम घ्या. कागद कुठे पिवळा कुठे डागाळलेला, म्हणून एकच थ्रेशोल्ड चालत नाही, प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचा छोटा चौकोन घेऊन त्याची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढावं लागतं. व्हेरियन्स काढायचा सोपा मार्ग म्हणजे वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग, आणि फ्लोटमध्ये, एकसारख्या कोऱ्या जागी, राउंडिंगमुळे हे उत्तर कधीकधी शून्याच्या किंचित खाली जातं. ऋण संख्येचं वर्गमूळ म्हणजे नॅन. तुम्ही शहाणे, इज-नॅन तपासून ठेवलंत. फास्ट-मॅथने ती तपासणीच पुसली, कारण त्याच्या मते नॅन येतच नाही. मग पानाच्या कोऱ्या भागात काळे ठिपके, आणि ते झीरोवर, टूवर, थ्रीवर कधीच दिसत नाहीत. वर्गमूळाच्या आधी ऋण असेल तर शून्य करा हे तर कराच, पण फास्ट-मॅथ ज्या फाइलीत नॅनचा संबंध येतो तिथे लावूच नका. क्लँगवाल्यांनी २०२४ च्या आवृत्ती १९ पासून ओ-फास्टला नापसंत यादीत टाकलंय, वापरलं की वॉर्निंग येते, आणि माझ्या मते बरं केलं.

एम-आर्च इज-इक्वल-टू नेटिव्ह हा लेव्हलपेक्षा वेगळा फ्लॅग आहे पण वेगाच्या बाबतीत कित्येकदा थ्रीपेक्षा जास्त देतो, कारण तो सांगतो की याच मशीनवर जे जे आहे ते सगळं वापर. फक्त बायनरी दुसऱ्याला द्यायची असेल तर सांभाळून. तुमच्या नव्या लॅपटॉपवर बांधलेलं आत्याच्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालवलं की इलीगल इन्स्ट्रक्शन म्हणून धाडकन बंद. वाटायचं असेल तर एक्स-८६-६४-व्ही-थ्री असं ठरलेलं पायरीचं नाव द्या, त्यात एव्हीएक्स-टू आणि एफएमए येतं, इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलपासूनच्या मुख्य प्रोसेसरना ते जमतं (स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनवर मात्र बघून घ्या). आणि एफएमए मिळालं की जीसीसी गुणाकार-बेरीज एकत्र करून एकदाच राउंड करतो, त्यामुळे शेवटचा दशांश बदलू शकतो, फास्ट-मॅथ नसतानाही. टेस्टमध्ये फ्लोट अगदी तंतोतंत जुळवत असाल तर ती टेस्ट पडेल. एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ करा किंवा टेस्ट सुधारा.

ओ-एस आणि ओ-झेड आकारासाठी. आर्डुइनो उनो आर-थ्रीच्या चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम, त्यामुळे आर्डुइनोचं आयडीई मुळातच ओ-एस लावतं, तिथे छेडू नका. डेस्कटॉपवर सहसा लागत नाही.

यानंतरही भूक असेल तर ओ-थ्रीच्या आधी या दोन गोष्टी करून बघा. एक, एफ-एलटीओ, कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळी द्यायचं, मग एका फाइलीतलं फंक्शन दुसऱ्या फाइलीत इनलाइन होऊ शकतं, बिल्डला वेळ जास्त लागतो आणि रॅम खातो. दुसरी गोष्ट पीजीओ, आणि ही मला जास्त आवडते. एफ-प्रोफाइल-जनरेट लावून बांधा, रोजच्यासारखं काम करवून घ्या, प्रोग्रॅम कुठल्या फांदीवर किती वेळा गेला ते जीसीडीए फाइलीत लिहून ठेवतो, मग एफ-प्रोफाइल-यूज लावून परत बांधा. इफ-एल्सच्या जंगलाला जे ओ-थ्री देऊ शकत नाही ते हे देतं, कारण आता कंपायलरला अंदाज करायचा नाहीये, माहिती आहे. फायरफॉक्स, क्रोम असेच बांधतात, पायथनच्या सोर्सला कॉन्फिगर करताना एनेबल-ऑप्टिमायझेशन्स दिलं की तेही हेच करतं. सवय लावायला दिलेला डेटा मात्र खरा हवा, स्वच्छ छापील पानांवर शिकवलं आणि चालवलं वाळवी लागलेल्या मोडीवर तर उलट चुकीच्या फांद्या वेगवान होतील.

आणि ओ-थ्री हवाच असेल तर अख्ख्या प्रोजेक्टला कशाला, ज्या एका फाइलीत तो पिक्सेलचा लूप आहे तेवढ्या फाइलीला द्या, सीमेकमध्ये सेट-सोर्स-फाइल्स-प्रॉपर्टीज ने जमतं, बाकी सगळं टूवर. ज्या दिवशी फ्लॅग पक्के कराल त्या दिवशी कंपायलरची आवृत्ती, फ्लॅग आणि मोजलेले आकडे रीडमीत लिहून ठेवा, पुढच्या जीसीसीत हे सगळं हलू शकतं. बायनरीतच नोंद हवी असेल तर जीसीसीला एफ-रेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस द्या, नंतर रीडएल्फने बघता येतं की ही फाइल नेमकी कुठल्या फ्लॅगांवर बनली होती.